पुरात बुडालेली घडीची करवत: एका दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात बडोद्यात पाऊस कोसळला, आजवा जलाशय भरून वाहू लागला आणि विश्वामित्री नदी शहरात शिरली. नदीपासून फारशा लांब नसलेल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत कमरेइतके पाणी होते. त्याच खोलीच्या कोपऱ्यात बागेच्या हत्यारांची पेटी असते: खुरपी, कोयता, एक मोठी कात्री आणि छाटणीची घडीची करवत. पाणी ओसरल्यावर आधी घरे, मग गाड्या, मग पंप आणि विजेचे मीटर असा क्रम लागला. पेटी चिखलात तशीच राहिली.

प्रकरण या करवतीचे आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे टाळली आहेत आणि एकदोन तपशील बदलले आहेत. दुरुस्ती केली ती सोसायटीतल्या नानांनी. त्यांचे आयुष्य मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवायच्या विभागात, गेले. मी हाताशी होतो आणि टिपणे माझ्याकडे होती.

करवत साधारण 210 मिलिमीटर पात्याची, रबरी पकडीची. पात्याच्या मुळाशी दोन खाचा, मुठीच्या पाठीवर अंगठ्याने दाबायचा खटका आणि त्याखाली छोटी स्प्रिंग. पाते उघडले की खटका एका खाचेत बसतो, मिटले की दुसऱ्या. पाते आणि मूठ जोडणारी खीळ रिव्हेटची (ठोकून कायमची बसवलेली) नसून बोल्टची होती, आणि पुढचे सगळे त्यामुळेच शक्य झाले. पात्यावर ‘एसके-5’ असा शिक्का. जपानी मानकातले हे जुने नाव, आता त्याला एसके-85 म्हणतात. यात कार्बन 0.80 ते 0.90 टक्के असतो. धार उत्तम राहते, पण हे स्टेनलेस नव्हे. वरचा क्रोमचा मुलामा आहे तोवर गंज लांब राहतो. मुलामा घासला गेला की एका ओल्या रात्रीत लाल डाग दिसतात.

अडचण

गणपती 7 सप्टेंबरला बसले. त्या वर्षी आरास साधी होती, कारण निम्म्या घरांचे फर्निचर अजून उन्हात वाळत होते. विसर्जनानंतर माळीभाईंनी पेटी उघडली. पुरात मोडलेल्या कडुनिंबाच्या फांद्या लोंबत होत्या, लिंबाची दोन झाडे आडवी झाली होती, आणि करवत हवी होती.

ती उघडेना. दोन्ही हातांनी ओढून उघडली तेव्हा पाते गंजाने तपकिरी झालेले. माळीभाईंनी तसेच काम सुरू केले. करवत फांदीत अडकत होती म्हणून त्यांनी तिला पुढे रेटले. रेटता रेटता खटका सुटला आणि पाते मुठीकडे मिटले. तर्जनीच्या पेरावर दात बसले. जखम खोल नव्हती, पण करवत गंजलेली आणि भोवती पुराचा चिखल. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले.

तक्रार म्हणून जे नानांपर्यंत पोचले ते मात्र एकच वाक्य होते: “काका, करवतीची धार गेली आहे, कानस मारून द्या.”

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. करवत नीट चालत नाही म्हटले की दोष धारेचा, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. इथे बोट कापले ते खटक्यामुळे, करवत अडकत होती ती कशामुळे हे कोणी पाहिलेच नव्हते, आणि उपाय मात्र दातांवर ठरून गेला होता.

आणखी एक गोष्ट नंतर विचारपूस करताना कळली. पुरानंतर ब्लीचिंग पावडर वाटली गेली होती. कोणीतरी काळजीपोटी पेटीतल्या सगळ्या हत्यारांवर तिचे पाणी ओतले होते आणि पेटी बंद केली होती. घाणीच्या दृष्टीने हेतू चांगला होता. पण क्लोरीनचे पाणी लोखंड झपाट्याने गंजवते. साध्या चिखलाने जे व्हायला महिना लागला असता ते बंद पेटीतल्या त्या ओलाव्याने लवकर केले.

पर्याय

सेक्रेटरींचे मत स्पष्ट होते: “नवी लई लो ने, काका” (नवीच घ्या ना). हिशेबाने ते बरोबरही होते. सोसायटीच्या खर्चात अशी करवत म्हणजे काहीच नाही, आणि पुरानंतर हजार कामे पडली होती.

दुसरा पर्याय फक्त नवे पाते. बोल्टच्या करवतीला तो असतो, पण पात्याची किंमत अख्ख्या करवतीच्या निम्म्याहून वर जात होती. शिवाय खटका बिघडलेला असेल तर नवे पातेही तसेच मिटणार.

तिसरा पर्याय माळीभाईंचा: सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे देणे. नाना याला ताबडतोब नाही म्हणाले. सुरी-कात्रीसाठी ते चाक ठीक आहे. करवतीचा दात इतका बारीक की कोरड्या चाकावर क्षणात तापतो. पोलाद 220 अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळे दिसू लागते आणि 300 च्या जवळ निळे पडते. निळा पडलेला दात मऊ झालेला असतो. तो चमकेल छान, पण चार फांद्यांत बोथट होईल.

चौथा पर्याय घरीच खोलून पाहण्याचा. नानांनी तो सरसकट स्वीकारला नाही, अट घातली. आधी खटक्याची खाच पाहायची. ती झिजून गोल झाली असेल तर करवत भंगारात, बाकी काही बघायचे नाही. खाच शाबूत असेल तर पाते सरळ आहे का ते पाहायचे, आणि दातांकडे सगळ्यात शेवटी जायचे. “खटक्यात नापास, तर पुढचे पेपर तपासायचे नाहीत,” असे ते म्हणाले. सेक्रेटरींना हा क्रम पटला, कारण त्यात दुरुस्ती मध्येच सोडून नवी घेण्याची वाट मोकळी होती.

काय केले

*खोलणे.* आधी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. कोणती चकती कोणत्या बाजूला, स्प्रिंगचे टोक कुठे अडकते, हे जोडताना आठवत नाही. बोल्ट हलेना. नानांनी हातोडी घेऊ दिली नाही. सांध्यावर डिझेलचे थेंब सोडून करवत रात्रभर ठेवली आणि सकाळी बोल्टच्या खोबणीत नेमका बसणारा पेचकस लावून तो सोडवला. सैल पेचकसाने खोबण एकदा घासली गेली की पुढे ड्रिलशिवाय मार्ग नसतो. खोलण्याचे काम स्टीलच्या परातीत केले. खटका निघाला तशी स्प्रिंग उडालीच, परातीच्या काठाला आपटली आणि तिथेच पडली.

*खटका.* बोट कापण्याचे कारण आत दिसले. खाचेच्या तळाशी पुराचा बारीक गाळ बसून घट्ट झाला होता, त्यामुळे खटका पूर्ण खोल जातच नव्हता, कडेवर टेकत होता. वरून पाहणाऱ्याला ‘टक’ आवाज ऐकू यायचा आणि बसला असे वाटायचे. गाळ लाकडी काडीने खरवडल्यावर खाच बऱ्यापैकी चौकोनी निघाली. एक कोपरा मात्र किंचित गोल झाला होता.

तो कोपरा कानशीने पुन्हा चौकोनी करावा का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मोह होतो. पण खाच रुंद केली की खटका तिच्यात सैल बसतो, पाते उघडल्यावर हलू लागते आणि ते हलणे खाचेचा दुसरा कोपरा खाते. नानांनी हात लावला नाही.

स्प्रिंग गंजून बारीक झाली होती. कोणीतरी बॉलपेनची स्प्रिंग बसवून पाहिली. ती बसते, खटका वर-खाली होतो, पण जोर अगदी नाही. सुरक्षेचा भाग असा ‘चालून जाईल’ म्हणून बसवणे नानांना मान्य नव्हते. जुन्या शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात नमुना घेऊन गेलो आणि त्याच जाडीच्या तारेची, थोडी लांब स्प्रिंग मिळाली. ती कापून बेतली.

*गंज.* माळीभाईंचा सल्ला होता की संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये पाते बुडवून ठेवू, सकाळी चकचकीत होईल. होईलही. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते गंजाबरोबर उरलेला क्रोमचा मुलामा खाते, आणि कडक पोलादात त्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन शिरला की पोलाद ठिसूळ होते. सगळ्यात कडक भाग म्हणजे दातांची टोके, म्हणजे तुटणार तेच. व्हिनेगर सौम्य असते, तरी रात्रभर बुडवून ठेवण्याला नाना तयार नव्हते.

मग कष्टाचा मार्ग. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने चिखल धुतला, पाते लगेच पुसून वाळवले. सपाट भागावर डिझेल लावून 400 नंबरचा आणि मग 800 चा पॉलिश पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवला, आडवा नाही. दातांवर पेपर अजिबात नाही, तिथे पितळी ब्रश. गंज निघाला, पण खाली टिकल्या-टिकल्यांचे खड्डे राहिले. ते घासून काढायचे म्हणजे पाते पातळ करायचे, म्हणून सोडून दिले.

*डिंक.* करवत अडकण्याचे कारण इथे मिळाले. दातांच्या मागे, दोन्ही बाजूंना, काळपट कडक थर होता. पुराचा चिखल नव्हे. त्याच्या खूप आधीपासून साठलेला.

या जातीच्या करवतीचे दात सुताराच्या करवतीसारखे आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले नसतात. त्याऐवजी पाते दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेले असते. दात जेवढी फट पाडतात तिच्यातून मागचे पातळ पाते मोकळे सरकते. हा मोकळेपणा फार थोडा असतो. त्यावर डिंकाचा थर चढला की पाते दातांइतकेच जाड होते आणि ओल्या लाकडात चिमटते. वापरणाऱ्याला वाटते धार गेली. मग तो जोर लावतो, रेटतो, आणि पाते वाकते.

थर टर्पेंटाइनने निघेना तेव्हा नानांनी ते बाजूला ठेवले आणि कढत पाण्यात भिजवलेले फडके पात्यावर गुंडाळून ठेवले. थोड्या वेळाने थर फुगला आणि लाकडी पट्टीने खरवडताच निघून आला. कारण साधे आहे. टर्पेंटाइन उपयोगी पडते ते राळेसाठी, चीडासारख्या झाडांना. आमच्याकडे छाटतात कडुनिंब, लिंबू, शेवगा, बाभूळ. यांचा असतो डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो किंवा निदान फुगतो. बाहेरच्या माहितीत जिथे तिथे टर्पेंटाइन लिहिलेले असते, कारण ती माणसे पाइनची झाडे छाटत असतात. आंब्याच्या चिकाला मात्र पाणी पुरत नाही. उरलेले चिकट डाग स्पिरिटने पुसावे लागले. टर्पेंटाइन किंवा थिनर वापरायचेच झाले तर मुठीच्या रबरापासून लांब, रबर फुगून सुटते.

*दात.* आता दातांची पाळी. टोकांवर निळसर-काळी छटा होती. धारवाल्याच्या चाकाने येणारा निळा आणि हा निळा यांत फरक आहे. हा कारखान्यातला: उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने फक्त दातांची टोके क्षणभर तापवतात, आणि मागचे गार पातेच ती उष्णता ओढून घेऊन त्यांना कडक करते. पाते लवचिक राहते, टोके कडक होतात. एक निळा मऊ झाल्याची खूण, दुसरा कडक केल्याची. दिसायला जवळपास सारखे, म्हणून नुसत्या रंगावर जायचे नाही.

नानांनी मुठीजवळचा, कधी वापरात न येणारा एक दात निवडून त्यावर बारीक कानशीची कड हलकेच ओढली. कानस घसरली, चरा पडला नाही. म्हणजे दात कानशीइतकाच कडक. अशा दातांवर कानस मारत बसलो तर कानस खराब होते, दात नाही सुधारत. कानस धरली असती तर दात कडक केलेले नाहीत असे समजायचे आणि पिसासारख्या पातळ कडेच्या कानशीने दाताच्या तिन्ही बाजू पाजळता आल्या असत्या. हिऱ्याच्या कानशीने कडक दातही घासता येतात, पण एकेका दाताला तीन पैलू आणि दात कितीतरी. माळीभाईंची मूळ मागणी, कानस मारून द्या, ही इथे संपली.

मध्यभागी तीन दात सलग तुटलेले होते. कुंपणाजवळच्या झाडाच्या बुंध्यात कपडे वाळत घालायची जुनी तार गुरफटून गेली आहे, तिच्यावर करवत चालली असणार. सुटा एखादा दात तुटला तर फरक पडत नाही. सलग तुटले की पुढचा दात त्या पोकळीत आदळतो आणि दर ओढीला झटका बसतो. याला इलाज नव्हता.

*पाते.* काचेवर ठेवून पाहिले तेव्हा टोकाकडे बाक दिसला. रेटण्याचा परिणाम. ही करवत आपल्याकडे ओढताना कापते. लोखंड कापायच्या हॅक्सॉची सवय असलेला हात पुढे जोर देतो आणि दीड मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे पाते पिळवटते. दोन लाकडी पट्ट्यांत धरून नानांनी ते थोडे थोडे उलट वाकवले. स्प्रिंगसारखे पोलाद परत येते, म्हणून जरा पलीकडे न्यावे लागते, आणि जास्त नेले तर कडकन मोडते. बाक कमी झाला, पूर्ण गेला नाही. तिथे ते थांबले.

*सांधा.* बोल्टच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या चकत्या होत्या. एक चिरलेली. बाजारात त्याच मापाची पितळी चकती मिळाली, पण जाड. ती तशीच घातली असती तर पाते मुठीच्या मधोमध न राहता एका बाजूला सरकले असते आणि खटका खाचेत तिरका बसला असता. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, बोटाने गोल गोल घासत नानांनी ती पातळ केली. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि पाहणाऱ्याला ते काम दिसतही नाही.

तेलाबद्दल एक खुलासा. सांध्यात आधी खोबरेल सोडले जायचे. घरात असते, हाताशी असते. पण खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठते. बडोद्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. मग सांधा घट्ट होतो, माणूस आणखी खोबरेल घालतो, त्यावर धूळ बसते. आम्ही शिलाई मशीनचे तेल घातले, प्रत्येक चकतीवर एकच थेंब. पात्यावर त्याच तेलाचे फडके फिरवले.

बोल्ट किती आवळायचा याची नानांची खूण: पाते अर्धे उघडून सोडले तर तिथेच थांबावे, पण अंगठ्याने ढकलल्यावर सहज फिरावे. वापरताना बोल्ट सैल होत जातो म्हणून आट्यांवर मध्यम ताकदीचा निळा लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावला. लाल लावला असता तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय सुटला नसता, आणि शेजारी रबरी मूठ आहे.

*चाचणी.* जोडणी झाल्यावर करवत उघडून, बोटे पात्याच्या मार्गातून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी स्टुलावर आधी हलके आणि मग जोराने आपटली. खटका सुटला नाही. मग मोडून पडलेल्या कडुनिंबाच्या फांदीवर, नुसते ओढत, वजन न देता काप घेतला. काप सरळ उतरला. एका बाजूला भरकटला असता तर त्याच्या उलट बाजूचे दात जास्त बोथट असे समजायचे.

परिणाम

ऑक्टोबरात आभाळ मोकळे झाल्यावर छाटणी झाली. लिंबाची वाळकी फांदी आणि कडुनिंबाच्या मोडलेल्या, मनगटाएवढ्या फांद्या या करवतीने निघाल्या. त्याहून जाड फांद्यांना ती वापरली नाही. पात्याच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा फांदी जाड असेल तर दात भुसा बाहेर टाकू शकत नाहीत. मोठ्या फांदीला आधी खालून थोडा काप, मग थोडे बाहेरून वरून काप, आणि राहिलेला खुंट शेवटी बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला न दुखवता काढायचा, हे माळीभाईंना आधीपासून येत होते. त्यांच्या हाताला फक्त रेटणे सोडायला वेळ लागला.

एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने पुसायचे ठरले. ब्लीचिंगचे पाणी पुन्हा नको. लिंबाच्या कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावली: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, या प्रमाणात थोडी. तीही प्लॅस्टिकच्या बादलीत, आणि करवत तिच्यापासून दूर ठेवून, कारण मिश्रणात चुना कमी पडला तर मोरचुदातले तांबे लोखंडावर चढते. जुने बागाईतदार लोखंडी सळई बुडवून नेमकी हीच परीक्षा घेतात.

झटका मात्र राहिला. तुटलेल्या तीन दातांपाशी दर ओढीला हात अडखळायचा आणि मनगटाएवढ्या फांद्यांवर माळीभाई कंटाळायचे. दिवाळीनंतर नवे पाते मागवले. म्हणजे सेक्रेटरींनी सुरुवातीला सांगितलेला खर्च शेवटी निम्मा तरी झालाच. जुने पाते फेकलेले नाही. मातीत गाडलेली मुळे कापायला तेच चढवतात, तिथे नवे पाते घालणे जिवावर येते.

नानांच्या वेळेचा पगार धरला तर ही दुरुस्ती तोट्याची होती. सेक्रेटरी हे हसत हसत सांगतात आणि त्यांचे चुकत नाही. माझे मत वेगळे आहे. पहिल्याच दिवशी नवी करवत आणली असती तर तीही त्याच मीटरच्या खोलीत, त्याच खोबरेलावर, त्याच रेटणाऱ्या हातात गेली असती. पात्यावरचा डिंकाचा थर पुरापूर्वीचा होता. तो बिघाड पुराने आणलेला नव्हता, पुराने फक्त उघडा पाडला.

पुन्हा करायचे झाले तर

पाणी ओसरल्यावर हत्यारांसाठी कोणाला वेळ नसतो आणि तो नसणारच. पण सगळी हत्यारे सारखी नसतात. खुरपी-कोयता महिनाभर चिखलात राहिले तरी घासून कामाला येतात. ज्यात स्प्रिंग आणि सांधा आहे ते, म्हणजे ही करवत आणि छाटणीची कात्री, त्या पहिल्या दोन दिवसांत नुसत्या स्वच्छ पाण्याने धुऊन, उघडून, उन्हात ठेवून तेलाचे फडके फिरवले असते तरी निम्मे काम वाचले असते. पाच मिनिटे पुरतात. पेटी आता पहिल्या मजल्याच्या जिन्यात आहे.

मिटण्याच्या अपघातानंतर करवत बाजूला ठेवण्याऐवजी धार लावायला पाठवायचे ठरत होते. घडीच्या हत्याराचा खटका एकदा सुटला की कारण सापडेपर्यंत ते वापरायचे नाही, हा नियम तेव्हा असायला हवा होता. आता महिन्यातून एकदा पाठ आपटून पाहण्याची चाचणी माळीभाई स्वतः घेतात. खाचेचा तो गोल कोपरा जुन्या पात्यावर अजून आहे, म्हणून चाचणीत खटका एकदा जरी सुटला तर ते पाते त्याच दिवशी भंगारात, मुळांसाठीसुद्धा नाही, असे ठरले आहे.

पाते मागवण्याचा निर्णय दात मोजले तेव्हाच घेता आला असता. सलग तीन दात गेलेले दिसत असताना बाक काढण्यात घालवलेली संध्याकाळ, माझ्या मते, वाचवता आली असती. नानांना हे मान्य नाही. ते म्हणतात, बाक काढला नसता तर नव्या पात्यालाही माळीभाईंनी तसाच आणला असता. वाकलेले पाते सरळ होताना त्यांनी समोर बसून पाहिले, म्हणून हात बदलला. यावर आमचे एकमत झालेले नाही.

आणि खरेदीच्या वेळी पाहायची गोष्ट: खीळ बोल्टची आहे की रिव्हेटची. रिव्हेट असती तर ती ड्रिलने काढून एम-6 चा (6 मिलिमीटर जाडीचा) बोल्ट आणि नायलॉनच्या कड्याचा नट बसवता येतो, पण भोक थोडे जरी तिरके गेले तर पाते मुठीला घासते आणि खटका पुन्हा कडेवर टेकतो. सोसायटीने यंदा कात्री घेतली तेव्हा दुकानदाराला हा प्रश्न माळीभाईंनीच विचारला, आणि सुटे पाते व स्प्रिंग दुकानात आहेत का, तेही.